आभासी यंत्रांतील काळा पडदा

धाराशिव, तुळजापूर वा उमरगा येथील एखाद्या विद्यार्थ्याच्या घरीं एकच संगणक असावा आणि पीकविम्याचे अर्जही त्यावरूनच भरले जावेत, तर विंडोज पुसण्याचें धाडस कोण करील? म्हणून सी-डॅकची 'बॉस' लिनक्स शिकावयाची झाल्यास ती व्हर्च्युअलबॉक्सच्या आभासी यंत्रांत बसविणें श्रेयस्कर.

पण बसवितांना कधीं पडदा काळा होतो, कधीं 'पुढें' हें बटण काठाखालीं दडतें. दोष कांचेचा नव्हे. या यंत्राचें ग्राफिक्स कार्डही आभासीच असतें. नव्या प्रणालीशीं त्याचें जमत नाहीं, इतकेंच.

प्रथम आभासी यंत्र बंद करावें. डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्यें 'व्हीएमएसव्हीजीए' निवडावें, व्हिडिओ मेमरी १२८ एमबी करावी, थ्रीडीची खूण काढावी. तरीही काळोख राहिल्यास ग्रबच्या यादींत 'ई' दाबून 'लिनक्स'नें सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटीं 'नोमोडसेट' लिहावें. मग प्रणाली साध्या चित्रावरच चालते. दडलेल्या बटणासाठीं बहुधा ऑल्ट किंवा विंडोज कळ दाबून खिडकी माउसनें वर ओढतां येते. शेवटीं 'गेस्ट ॲडिशन्स' बसवावें, म्हणजे चित्र खिडकीच्या मापाचें होतें.

आभासी यंत्राची डिस्क ही केवळ एक फाइल असते. तिच्यांत कांहींही बिघडलें, तरी घरची विंडोज अबाधित राहते. तेव्हां काळा पडदा पाहून मूळ संगणक पुसूं नये.