माशाचं गाव
(लेखमाला : नदीचं बियाणं – भाग ५)

मेढ्याच्या खालच्या अंगाला, कण्हेर धरणाच्या फुगवट्यावर एकदा मत्स्यबीज सोडताना पाहिलं. टेम्पोतून प्राणवायू भरलेल्या पिशव्या उतरल्या. माणसानं त्या लगेच सोडल्या नाहीत. आतलं पाणी बाहेरच्याइतकं गार होईस्तोवर तशाच तरंगत ठेवल्या, मग गाठी सोडल्या. बोटुकल्या निघून गेल्या. गारवा जुळवायची एवढी काळजी, म्हणून विचारलं, यांचे आईबाप कुठल्या नदीतले? तो हसला. "माशाला गाव असतंय व्हय?"

असतं. सामन मासा जन्मल्या नदीच्या वासावर परततो, हे मागच्या भागात आलं. म्हणून नदीगणिक त्याची भावकी वेगळी पडते. कॅलिफोर्नियातल्या चिनूक सामनची अंडी १९०१ ते १९०७ च्या दरम्यान न्यूझीलंडला नेली. तिथं तो रुजला, आपणहून शेजारच्या नद्यांत पसरला, आणि शंभर वर्षांच्या आतच या नदीचा नि त्या नदीचा सामन वाढीत, अंडी घालायच्या वेळेत वेगळा निघू लागला. फरक रक्तातला होता, नुसत्या पाण्याचा नव्हे.

आपल्याकडे सामन नाही, महसीर आहे. कर्नल साईक्सनं १८३९ मध्ये दख्खनच्या माशांत तो नोंदवला, तेव्हा जातीचं 'खुद्री' हे नाव इथल्याच लोकांच्या तोंडून उचललं. हा समुद्राला जात नाही, पावसाळ्यात वरच्या अंगाला चढतो. वेण्णा आणि सावित्री दोघी महाबळेश्वरच्याच लेकी, पण एक पूर्वेला नांदायला गेली नि दुसरी कोकणात. माशाला मधला डोंगर ओलांडता येत नाही. वेण्णेचा मासा माहुलीला कृष्णेच्या माशात मिसळायचा, ती वाटही आता धरणाच्या भिंतीनं अडवली.

आता लोणावळ्याचं. वळवणला टाटांच्या वीज कंपनीनं १९७० च्या दशकात महसीरची अंडी उबवायला सुरुवात केली. काम मोठं, इथली पिलं कितीतरी राज्यांत गेली. कावेरीतही गेली. तिथं पाठीला कुबड असलेला, अवाढव्य असा निराळाच महसीर होता. आपला निळ्या पराचा पाहुणा फोफावला, घरचा आटत गेला. वाळूउपसा, धरणं, सुरुंग हेही त्याच्या मुळावर आलेच, सगळा दोष पाहुण्याच्या माथी मारता येणार नाही. पण २०१८ मध्ये त्या कुबडवाल्याची जात नक्की ठरली, ती 'अतिसंकटग्रस्त' या शेऱ्यासकट. आपला खुद्री मात्र पुढं धोक्याच्या यादीतून खाली उतरला. मला याचा निखळ आनंद होत नाही.

जात एकच असली तरी गोम राहतेच. एका मादीच्या पोटात हजारो अंडी, म्हणून चारदोन जोड्यांवर तळी भरून जातात. जावळीतली कुठली बाई सगळ्या शिवाराचं भाताचं बियाणं एकाच लोंबीतून धरते? शिवाय हौदात वाचणारा मासा वेगळा नि पुराच्या लोंढ्यात वाचणारा वेगळा. अमेरिकेतल्या हूड नदीत स्टीलहेड ट्राउटवर हे मोजलं, २००७ मध्ये ते छापून आलं: हौदात काढलेल्या दर पिढीमागं त्याची खुल्या नदीत वंश वाढवायची ताकद सुमारे ४० टक्क्यांनी घटत होती.

मग वेण्णेत आज कुणाचा मासा आहे, हे बघायचं कसं? जाळ्यात आलेल्या माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा कापायचा, अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा, मासा परत पाण्यात. तो तुकडा काय बोलतो, ते पुढच्या आठवड्यात.