पाण्यावरची माणसं – भाग ९ : दोघांची बोट

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाटघरच्या पाण्यावर लाँचमध्ये बसलो होतो. वरंध्याच्या अंगाने ढग उतरले आणि पाच मिनिटांत पाण्याचा रंग बदलला. लाँचवाल्या काकांनी काही न बोलता सुकाणू फिरवलं आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, थेट लाटेवर घेतली. पलीकडचा काठ डावीकडे राहिला. "आडवी खाल्ली तर पाणी आत येतं," एवढंच म्हणाले. लाट होती गुडघ्याएवढी.

लाट किती मोठी व्हायची हे तीन गोष्टींवर ठरतं: वाऱ्याचा जोर, तो किती वेळ वाहिला, आणि त्याला अखंड पाणी किती लांब मिळालं. भाटघर साडेतेवीस टीएमसीचं असलं तरी डोंगरांच्या बेचक्यात वेडंवाकडं पसरलंय. वारा जरा पाण्यावरून धावतो न धावतो तोच डोंगराला आपटतो. अरबी समुद्रात हाच नैर्ऋत्येचा वारा हजारो किलोमीटर पाण्यावरून येतो. आपली धरणं भरणारा वारा तोच, आणि कोकणातल्या होड्या जूनमध्ये काठावर ओढायला लावणाराही तोच.

असल्या पाण्यावर घर करणारी माणसं आहेत. नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन गौरव गौतम आणि वैदेही चिटणवीस हे जोडपं मुलीसह 'रीवा' नावाच्या ४२ फुटी शिडाच्या बोटीवर राहायला गेलं. ४२ फूट म्हणजे एसटी बसपेक्षा थोडी लांब. त्यातच स्वयंपाक, झोप, शाळा, हत्यारं आणि इंजिन. अशा बोटींचे सूर्यास्ताचे फोटो सगळे बघतात. दमट गाद्या, बंद पडलेला पंप आणि टाकीतलं मोजकं गोडं पाणी फोटोत येत नाही. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणजे काय, ते वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

बोटीवर मोठी माणसं दोनच असली की पहिला प्रश्न झोपेचा. रात्री एक जागा, एक आडवा, दर तीन-चार तासांनी पाळी बदल. म्हणजे एका बोटीवर राहूनही जोडप्याची गाठ पडते ती बहुधा पाळी बदलताना, चहाच्या कपावर.

दुसरा प्रश्न वादळाचा. आपल्याला वाटतं, वादळ आलं की किनारा गाठावा. बंदर वेळेत गाठता येत असेल तर जरूर गाठावं. २०१७च्या डिसेंबरात 'ओखी' वादळ आलं तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या मच्छीमार बोटी देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या. पण उशीर झाला असेल तर किनाऱ्यापासून लांबच राहायचं. मग पुढचं छोटं शीड मुद्दाम उलट्या अंगाला ताणतात, मागचं आखडून घेतात आणि सुकाणू एका बाजूला बांधून टाकतात. पुढचं शीड नाळेला वाऱ्यापासून लांब ढकलतं, मागचं शीड आणि सुकाणू तिला परत वाऱ्याकडे वळवतात. या ओढाताणीत बोट लाटेला तिरकी धरून जवळजवळ जागच्या जागी डुलत राहते आणि थकलेल्या दोघांना आळीपाळीने डोळा लागतो.

जवळजवळ जागच्या जागी म्हटलं, कारण ती वाऱ्याबरोबर हळूहळू सरकतेच. म्हणून ज्या दिशेला वारा ढकलतो त्या दिशेला मैलोन्मैल मोकळं पाणी लागतं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर नेमकी तिथेच गोची आहे: वारा समुद्राकडून, आणि त्याच्या वाटेत कोकणचे खडक. ३ जून २०२०ला 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि घाट ओलांडून वेल्हे-भोरच्या घरांचे पत्रेही उडवून गेलं. तेव्हा ते वारं काय असतं, हे आपण समुद्र न बघताही जाणतो.

म्हणून मुंबईहून गोव्याकडे, दक्षिणेला निघायचं ते थंडीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळांचा दुसरा हंगाम असतो. 'ओखी' तर डिसेंबरात आलं, त्यामुळे हवामान खात्याचा अंदाज बघूनच दोर सोडायचा. शाळेत पाठ केलेले खारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. दुपारनंतर वायव्येकडून खारं वारं सुटतं, दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीशी. पहाटे जमिनीवरून मतलई येतं. बोटीचा वेग ताशी पाच सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर; भोरच्या बाजारातली सायकल तिला मागे टाकेल. पण बोट रात्रंदिवस चालते. मुंबई-गोवा सुमारे सव्वादोनशे सागरी मैल, ते दोन दिवसांत होतं. वाटेत जयगड, विजयदुर्ग, देवगड ही थांबायची ठिकाणं. रात्री खरी धास्ती लाटेची नसते, मासेमारीच्या जाळ्यांची असते. जाळं पंख्यात अडकलं की दोघांपैकी एकाला सुरी घेऊन पाण्यात उतरावं लागतं.

पुढच्या आठवड्यात नांगर. तोवर भाटघर किंवा पानशेतच्या काठी गेलात, तर लाँचवाल्याला त्याच्या नांगराचं वजन आणि दोराची लांबी विचारून ठेवा. हे दोन आकडे पुढच्या भागात लागतील.