दोन आरसे आणि अंधार

सलूनच्या खुर्चीत बसलात की समोर आरसा, मागेही आरसा. मग तुमचीच डोकी एकामागे एक, पार टोकापर्यंत रांगेत दिसतात. प्रकाश दोन आरशांमध्ये येरझाऱ्या घालतोय, त्याचा हा परिणाम. आता मनातल्या मनात ते आरसे जवळ आणा. इतके, की मधली फट केसाच्या जाडीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढी उरेल. त्या फटीत द्रावण भरा आणि अभिक्रिया सुरू होऊ द्या. लेझर नको, दिवाही नको.

फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला थॉमस एबेसन यांच्या गटाने नेमकं हेच केलं. २०१६ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की या फटीत एक अभिक्रिया बाहेरच्यापेक्षा साडेपाच पटींपर्यंत मंदावली. तापमान तेच, रसायनं तीच. फरक फक्त आरशांचा!

हे कसं होतं? घरीच बघा. दोन खिळ्यांमध्ये सैलसर दोरी बांधा आणि तिला सारख्या लांबीचे दोन लोलक टांगा. एकाला झोका द्या. थोड्या वेळाने तो चक्क थांबतो आणि दुसरा जोरात झुलू लागतो. मग पुन्हा उलट. ऊर्जा याच्याकडून त्याच्याकडे फिरत राहते. एकाची लांबी बरीच बदलली, तर मात्र ही देवाणघेवाण जवळपास बंद पडते.

रेणूतले बंधही असेच सतत थरथरत असतात, आपापल्या ठरलेल्या वारंवारतेने. हा झाला एक लोलक. दुसरा लोलक म्हणजे फटीतला प्रकाश. सतारीची तार जशी लांबीनुसार ठरावीक सूर देते, तशी ही फट ठरावीकच प्रकाशलहरींना जागा देते. पण दिवाच बंद असेल तर प्रकाश कुठला? इथे क्वांटम भौतिकी मदतीला येते. मिट्ट काळोखातही प्रत्येक लहरीची थोडी ऊर्जा शिल्लक असतेच, ती काढून घेता येत नाही. तेवढी पुरते. फट नेमकी जुळली आणि देवाणघेवाण प्रकाश निसटून जाण्याच्या वेगापेक्षा जलद झाली, की रेणू कोणता आणि प्रकाश कोणता, हे वेगळं काढता येत नाही. या दोघांच्या मिश्रणाला म्हणतात पोलॅरिटॉन. स्पेक्ट्रोमीटरवर जिथे एक खाच दिसायची, तिथे दोन दिसतात. हेच स्ट्राँग कपलिंग.

एबेसन यांच्या प्रयोगात फट जुळवली होती सिलिकॉन-कार्बन बंधाशी. अभिक्रियेत तुटतो तोच बंध. फटीची रुंदी बदलून जुळणी मोडली, की वेग पुन्हा नेहमीसारखा.

इथवर सगळं भारीच. पण घोळ पुढे आहे. फटीतली एक प्रकाशलहर असंख्य रेणूंच्या वाट्याला येते. म्हणजे एकेका रेणूच्या पदरात जवळपास काहीच नाही. बंध मात्र ज्याचा त्याने तोडायचा असतो. मग अभिक्रिया मंदावते कशी? थिअरीवाले इथेच अडकलेत.

त्यात २०२१ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी अशाच दोन वेगवेगळ्या दाव्यांची फेरतपासणी केली. ते दावे अभिक्रियेचा वेग वाढण्याचे होते. त्यांना वाढ काही सापडली नाही, आणि त्यांनी ते तसंच छापलं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात मला हेच सगळ्यात आवडलं. आपण प्रॅक्टिकलला रीडिंग जुळलं नाही, की गुपचूप शेजारच्याचं जर्नल ओढतो! २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये पुन्हा वेगळ्याच एका अभिक्रियेचा वेग आरशांमध्ये कमी झाल्याचं आलं. म्हणजे वाद अजून चालूच.

२०१६ च्या त्या शोधनिबंधावरची पहिली दोन नावं अनूप थॉमस आणि जीनो जॉर्ज. जॉर्ज आता मोहालीच्या आयसरमध्ये याच विषयावर काम करतात. तोवर तुम्ही ती दोरी बांधाच. लोलक म्हणून दोन सारखे नटबोल्ट चालतील.