डांबर किती लागणार?

पावसाळा सरला की नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या सभेत आतल्या रस्त्याचा विषय निघतोच. कोटेशन हातोहात फिरतं आणि कुणीतरी विचारतं, "एवढं डांबर?"

मुळात एवढं डांबर नसतंच. रस्त्यावर पडणाऱ्या हॉटमिक्समध्ये डांबर वजनाने पाच-साडेपाच टक्के. बाकी खडी, चुरी आणि भुकटी. नेरूळच्या एखाद्या सोसायटीचा 100 मीटर लांब, 6 मीटर रुंद रस्ता धरा. 40 मिलिमीटरचा थर म्हणजे 24 घनमीटर. दाबून बसलेला माल घनमीटरला साधारण 2.4 टन, म्हणजे जवळपास 58 टन. त्यात निव्वळ डांबर जेमतेम तीन टन. "जरा सढळ हाताने डांबर घाला, रस्ता टिकेल" हेही चुकीचं. जादा डांबर उन्हात वर येतं, रस्ता निसरडा होतो, चाकोऱ्या पडतात.

मोठा घोळ ब्रासचा, म्हणजे खडी मोजायच्या घनमापाचा. 24 घनमीटर म्हणजे साडेआठ ब्रास, मग खडीही साडेआठच ब्रास, असं गणित कागदावर चोख दिसतं. पण डंपरमधली खडी सुटी असते, दाण्यांमध्ये पोकळ्या असतात. तिचा ब्रास सव्वाचार टनांच्या आसपास भरतो, तर रोलरखालून निघालेल्या मालाचा तोच ब्रास पावणेसात टनांचा. त्यामुळे प्रत्यक्षात खडी-चुरी मिळून तेरा ब्रासच्या घरात जाते. इथे कंत्राटदाराने फसवलं असं म्हणणं अन्यायाचं आहे.

जाडीच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवावेत. पेव्हरमागे पट्टी खुपसून 40 मिलिमीटर भरले की लोक निर्धास्त होतात. रोलर फिरल्यावर तोच थर 32च्या आसपास उतरतो, आणि अकरा-बारा टन माल कमी पडलेला असतो. 40 हवे असतील तर सुटा थर 50च्या आसपास हवा.

लांबी-रुंदी-जाडीचा गुणाकार सपाट रस्त्यालाच लागू पडतो, हेही सभेत कुणी बोलत नाही. जुना रस्ता सरासरी एक सेंटिमीटर जरी खोलगट असला, तरी समतल करायलाच 14 टन जास्तीचे. नवा थर जुन्याला चिकटावा म्हणून फवारायच्या टॅक कोटचं इमल्शन वेगळं, चौरस मीटरला पाव किलो धरलं तर 150 किलो.

कोटेशनमध्ये "दाबल्यानंतरची जाडी" असं स्पष्ट लिहून घ्यावं आणि प्रत्येक डंपरची भरल्या-रिकाम्या वजनाची काटापावती जपावी.