दोन नद्यांच्या मधला डोंगर : हिंगोली–नर्सी–औंढा सायकलफेरी

डोंगरातली सायकल म्हटली की देवदाराचं रान आणि बर्फाची शिखरं डोळ्यांसमोर येतात. हिंगोली जिल्ह्यात यातलं काही नाही. हिंगोली शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटरवर आहे. भोवताली अजिंठ्याच्या रांगेची शेवटची टेकाडं आणि त्यांवर साग, पळस, धावडा यांचं पानझडी रान. तरीही जाड टायरच्या सायकलवर इथली 80 किलोमीटरांच्या आसपासची फेरी पूर्ण करणाऱ्याचे पाय दुसऱ्या दिवशी बोलतात. ही आखून दिलेली शर्यतीची वाट नाही. गावोगावचे रस्ते जोडून ती करायची असते.

फेरीचा आकार

हिंगोलीहून पश्चिमेला नर्सी, तिथून दक्षिणेला सिद्धेश्वर धरण, मग औंढा नागनाथ आणि परत हिंगोली. नर्सीपर्यंत साधारण 17 किलोमीटर, औंढ्याहून परतीचे साधारण 25. नवख्याने डांबरी रस्ताच धरावा. सराईताने नर्सी ते औंढा या टप्प्यात गाडरस्ते आणि पांदणी घ्याव्यात, पण आदल्या दिवशी गावात चौकशी करून. नकाशात दिसणारी पांदण पुढे कुणाच्या तुरीत संपलेली असू शकते.

चढ कुठून येतात

या फेरीत मला सगळ्यात जास्त आवडते ती इथली पाण्याची वाटणी. हिंगोली आणि नर्सी कयाधूच्या काठावर, तर सिद्धेश्वर धरण पूर्णेवर. या दोन नद्यांच्या मधोमध जो डोंगर उभा आहे, तो जाताना एकदा आणि येताना एकदा ओलांडावा लागतो. माथ्यावर पडलेला पाऊस उत्तरेला उतरला तर कयाधूतून पैनगंगेत, पुढे वर्धा आणि प्राणहितेतून थेट सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळतो. दक्षिणेला उतरला तर पूर्णेतून परभणी जिल्ह्यातच गोदावरी गाठतो. खिंडीत दम खायला थांबलात की दोन्ही उतार नीट पाहून घ्या.

चढ लांब नाहीत, पण सलग आहेत. एक उतरून श्वास घेतो न घेतो तोच दुसरा. गिअर आधीच हलका करून ठेवावा. भर चढावर बदलायला गेलात की चेन कुरकुरते, कधी तुटतेही.

खरी परीक्षा जमिनीची

माथ्यावर मुरूम आणि बेसाल्टचे सुटे गोटे, खाली काळी कापसाची जमीन. ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरला अशी लिंपते की ब्रेक आणि चाकामधली फट बुजून सायकल जागेवर थांबते. ती खांद्यावर घेऊन चालायची वेळ येते. म्हणून पाऊस उघडल्यावर किमान दोन-तीन दिवस कडक ऊन पडू द्यावं.

मातीखालोखाल त्रास काट्यांचा. बाभूळ, बोर आणि कडेला पसरलेला सराटा. दोन जादा ट्यूब, पंक्चरचं सामान आणि पंप जवळ हवाच. टायरमध्ये सीलंट घातलेलं बरं. पहाटे आणि तिन्हीसांजेला रोही किंवा रानडुकरं अचानक आडवी येतात. उतारावर ब्रेकवरची बोटं सोडू नयेत.

थांबायच्या जागा

नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं (जन्म 1270). त्यांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, म्हणून पंजाबातले भाविकही इथे येतात. सिद्धेश्वरचा जलाशय पूर्णा प्रकल्पाचा आहे. वरच्या येलदरी धरणातून सुटलेलं पाणी इथे अडतं आणि कालव्यांनी वसमतकडच्या शेतांत जातं. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे या पाण्याचाही वाटा आहे.

औंढ्याला घाई करू नका. इथल्या नागनाथ मंदिराचा खालचा भाग यादवकाळातला, कोरीव कामाने भरलेला. वरचा भाग नंतर बांधलेला. मंदिराभोवती फिरून दगडातल्या मूर्ती पाहायला तासभर लागतो. नामदेवांना गुरू विसोबा खेचरांचा उपदेश इथेच झाल्याचं वारकरी परंपरा सांगते.

औंढ्याजवळच दुधाळा शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी 4 किलोमीटरांच्या. केंद्र सरकारने 2023 मध्ये तिला अंतिम मंजुरी दिली. त्या आवारात सायकल घालू नये.

केव्हा जावं

दिवाळी ते संक्रांत हा काळ उत्तम. पळस फुललेला पाहायचा म्हणून होळीच्या सुमारास गेलात, तर सागाची पानं गळून सावली संपलेली असते, ऊनही चटके देतं. तेव्हा निघायचंच तर उजाडायच्या आत निघा. महाशिवरात्रीला औंढ्यात मोठी गर्दी असते, ते दिवस टाळा.

माणशी किमान तीन लिटर पाणी घ्या आणि प्रत्येक गावात भरून घ्या. तांड्यावर पाणी मागायला संकोच करू नका. सायकल टेकवून रामराम घाला आणि पुढची वाटही तिथेच विचारून घ्या.