कार्टूनमधला खरा माणूस

हाताने काढलेल्या चित्रांच्या सिनेमात कॅमेऱ्याने टिपलेला खरा माणूस येणे ही काही अलीकडची गंमत नाही. १९०० साली अमेरिकेत जे. स्टुअर्ट ब्लॅकटन यांच्या ‘द एन्चांटेड ड्रॉइंग’ या छोट्या फिल्ममध्ये चित्रकार कागदावर बाटली आणि पेला काढतो आणि हात पुढे करून ती खरीखुरी बाटली उचलून घेतो. पुढे मॅक्स फ्लायशर यांच्या मालिकेत कोको हा विदूषक चित्रकाराच्या शाईच्या दौतीतून बाहेर पडू लागला. वॉल्ट डिस्ने यांनी १९२३मध्ये ॲलिस नावाच्या खऱ्या मुलीला कार्टूनच्या गावात धाडले. ही तिन्ही उदाहरणे जादूच्या प्रयोगाच्या जातीची. प्रेक्षकाने तोंडात बोट घालावे, एवढीच त्यांची अपेक्षा.

महाराष्ट्रात खरे चित्रण आणि ॲनिमेशन यांच्या भेटीची सुरुवात वेगळ्या वाटेने झाली. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा ठेवून, ठरावीक अंतराने थोडे थोडे चित्रण करून, अंकुराचा वेल होताना दाखवला. पडद्यावर ती वाढ भराभर दिसली आणि भांडवल देणाऱ्याची खात्री पटली. १९१५च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्यापेटीतल्या काड्यांना हालचाल दिली. इथे चित्र काढलेलेच नव्हते. वस्तू खरी, प्रकाश खरा. खोटी होती ती फक्त गती. खरे चित्रण आणि ॲनिमेशन यांच्यातली भिंत समजली जाते तेवढी पक्की नाही, हे या दोन प्रयोगांतूनच दिसून येते.

खरा माणूस आणि रेखाटलेले पात्र एकाच चौकटीत आणायचे, तर माणसाला त्याच्या मागच्या दृश्यापासून स्वच्छ कापून काढावे लागते. ‘मेरी पॉपिन्स’साठी (१९६४) कलाकारांच्या मागे सोडियमच्या दिव्यांनी पिवळा उजळलेला पडदा लावला होता. कॅमेऱ्यातला लोलक तो पिवळा प्रकाश वेगळ्या फिल्मवर पाठवी आणि माणसाची काळी-पांढरी आकृती आपोआप तयार होई. आज तेच काम हिरवा पडदा आणि संगणक करतात. पण कापणे हा सोपा भाग. अडचण असते नजरेची आणि सावलीची. १९८८च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’मध्ये बॉब हॉस्किन्स यांना समोर नसलेल्या कार्टून-सशाच्या डोळ्यांत डोळे घालून बोलावे लागले, आणि चित्रकारांनी त्या सशाच्या अंगावर खोलीतल्या दिव्याप्रमाणे सावल्या चढवल्या. नजर जरा चुकली किंवा सावली राहून गेली, तर पात्र पडद्यावर चिकटवल्यासारखे दिसते. अजय देवगण आणि काजोल यांचा ‘टूनपूर का सुपरहीरो’ (२०१०) हा याच जातीचा हिंदी प्रयत्न.

दुसरी पद्धत याहून साधी आणि याहून कष्टाची. तिला पिक्सिलेशन म्हणतात. माणसाला कॅमेऱ्यासमोर उभे करायचे, एक फ्रेम टिपायची, त्याने किंचित हलायचे, पुन्हा एक फ्रेम. माणूस स्वतःच बाहुली होतो. दर फ्रेमला त्याने उडी मारली आणि प्रत्येक उडीच्या टोकालाच चित्र घेतले, तर तो पडद्यावर जमिनीला पाय न लावता तरंगत जातो. कॅनडाचे नॉर्मन मॅक्लॅरेन यांनी १९५२च्या ‘नेबर्स’मध्ये दोन शेजाऱ्यांचे भांडण असेच दाखवले आणि त्याला ऑस्कर मिळाले.

मुंबईत हे तंत्र हाताळले ते फिल्म्स डिव्हिजनच्या प्रमोद पती यांनी. या सरकारी संस्थेत १९५६पासून कार्टून विभाग होता; डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले होते, आणि राम मोहन यांच्यासारखे कलावंत तिथूनच घडले. पती मूळचे ओडिशाचे, प्रागला चेक ॲनिमेशनपटकार यिर्शी त्र्न्का यांच्याकडे शिकलेले. सरकारी नोकरीत राहून त्यांनी जे केले ते आजही धाडसाचे वाटते. ‘ट्रिप’ (१९७०) या छोट्या फिल्ममध्ये त्यांनी मुंबईचा रोजचा दिवस पिक्सिलेशनमधून पळवला.

१९७२च्या ‘आबिद’मध्ये पडद्यावर आहेत चित्रकार-लेखक आबिद सुरती, वाचकांच्या ओळखीचे ते ‘धर्मयुग’मधल्या ‘ढब्बूजी’मुळे आणि इंद्रजाल कॉमिक्समधल्या ‘बहादुर’मुळे. फिल्म जेमतेम पाच मिनिटांची. रंगांनी भरत जाणाऱ्या खोलीत खरा चित्रकार तुटक, झटक्याझटक्यांच्या गतीने वावरतो. भिंतीवरचा रंग आणि रंगवणारा माणूस दोघेही एकाच चालीने हलतात. सेकंदाला २४ फ्रेम या हिशोबाने पाच मिनिटे म्हणजे ७,२०० फ्रेम. प्रत्येक स्थिती दोन फ्रेमपुरती धरली, तरी ३,६०० वेळा हलायचे आणि थांबायचे. रॉजर रॅबिटमध्ये खरे आणि खोटे शेजारी उभे राहतात. इथे माणसाचे स्वतःचे शरीरच चित्र होते, आणि म्हणून जोड कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही. डिस्नेच्या कितीतरी महागड्या करामतींपेक्षा ही पाच मिनिटे सरस आहेत.

त्या काळी थिएटरांना मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनच्या फिल्म दाखवणे सक्तीचे होते.  वार्तापट चालू असताना चहा प्यायला बाहेर जाणाऱ्या प्रेक्षकासाठी असले प्रयोग सरकारी खर्चाने होत होते, ही त्या काळाची मोठीच विसंगती. पती १९७५मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर थोड्याच वर्षांत गेले. सुरती ठाणे जिल्ह्यातल्या मीरा रोडला राहिले. २००७पासून ते दर रविवारी प्लंबर सोबत घेऊन घरोघरचे गळके नळ फुकट दुरुस्त करून देऊ लागले आणि नव्या पिढीला माहीत झाले ते त्यासाठीच.

खऱ्या चित्रणाचा तिसरा उपयोग मात्र जोड लपवत नाही. मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’मध्ये (१९६९) राम मोहन यांचे ॲनिमेशन खऱ्या चित्रणाच्या चित्रपटात टोमण्यासारखे येते; काही ॲनिमेशनपटांत नेमके याच्या उलट होते. ‘वॉल-ई’मध्ये (२००८) यंत्रमानव ‘हॅलो, डॉली!’ या जुन्या चित्रपटाचे खरे तुकडे पुन्हा पुन्हा बघतो, कारण माणसांचे जग त्याच्यापुरते तेवढेच उरले आहे. त्याच वर्षीच्या इस्रायली ‘वॉल्ट्झ विथ बशीर’मध्ये जवळजवळ सगळा चित्रपट रेखाटलेला आहे. शेवटी अचानक १९८२च्या बैरूतमधल्या हत्याकांडानंतरचे खरे चित्रण येते, आणि तोवर सुरक्षित अंतरावर बसलेल्या प्रेक्षकाला ते अंतर राखता येत नाही. नुसता पालट म्हणून खरे दृश्य घातले, तर मालिकेचा एखादा भाग लांबवल्यासारखे वाटते. ‘स्पंजबॉब’ या कार्टून मालिकेतल्या, खऱ्या नटाने केलेल्या समुद्री चाच्याचे प्रसंग मुलांना आवडतात, पण गोष्टीला त्यांची फारशी गरज नसते.

‘ट्रिप’ आणि ‘आबिद’ जिथे घडल्या ती फिल्म्स डिव्हिजन २०२२मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. मुंबईत पेडर रोडला तिच्याच आवारात २०१९पासून भारतीय सिनेमाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे.