स्वस्त गोळीचे अर्थशास्त्र

रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले की कुटुंब प्रथम महागड्या औषधांचा हिशेब मांडते. ते स्वाभाविकच आहे. परंतु या उपचारातील एक धोका औषधाच्या यशातूनच उद्भवतो. ल्युकेमिया वा लिम्फोमाच्या पेशी एकाएकी मोठ्या संख्येने नष्ट झाल्या, की युरिक आम्ल, पोटॅशियम व फॉस्फेट रक्तात उतरतात. मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हृदयाची लयही बिघडू शकते. प्रेडनिसोलोनने तर मधुमेह नसलेल्याचीही रक्तशर्करा वाढू शकते.

यावरील उपाय बहुधा साधे आहेत : शिरेवाटे भरपूर सलाइन, वारंवार रक्ततपासणी, गरजेपुरते इन्सुलिन आणि अ‍ॅलोप्युरिनॉलची गोळी. गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांच्या संशोधनातून आलेल्या या औषधाला १९६६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र सोबत मर्कॅप्टोप्युरिन चालू असल्यास त्याची मात्रा बरीच घटवावी लागते; तेव्हा हा निर्णय डॉक्टरांचाच.

ज्या उपचारासाठी घरदार गहाण पडते, तो एका चुकलेल्या तपासणीपायी वाया जावा, याहून मोठा अपव्यय कोणता? शासकीय योजना आखणाऱ्यांनी आणि कुटुंबांनीही या किरकोळ वाटणाऱ्या खर्चाला अग्रक्रम द्यावा. काटकसर कोठे करू नये, हे सांगणे हेही अर्थशास्त्राचेच काम आहे.